टेस्टरचं बोट

माझ्या थोरल्या भावाला गल्लीत कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे टेस्टर म्हणतात. इस्त्री, मिक्सर, पंखा, हीटर, काहीही दुरुस्त झालं की दादा प्लग लावायचा, बटण दाबायचा आणि उजव्या हाताचं मधलं बोट त्या वस्तूच्या अंगावर टेकवायचा. गिऱ्हाईक श्वास रोखून बघत राहायचं. दोन-तीन सेकंदांनी दादा म्हणायचा, "न्या बिनधास्त. करंट नाही." झालं! त्यापुढे कोणाची शंका काढायची टाप नव्हती. दुकानात दिवा लागणारा टेस्टर होता, नाही असं नाही. दादा त्याने डब्यांची झाकणं उघडायचा.

आता त्या बोटाचं सांगते. चाळीस वर्षं तारा जोडायला तापलेला डाग द्यायचं काम, कानस, जुन्या बॅटऱ्यांचं ॲसिड, घासपूस. हाताची कातडी जोड्याच्या तळासारखी झाली होती. लहानपणी माझ्या मुलीच्या गालावरून लाडाने हात फिरवला की ती भोकाड पसरायची, इतका तो हात टोचायचा. चुलीवरचं पातेलं फडकं न घेता उचलायचा आणि वर आमच्याकडे बघून हसायचा. पायात कायम जाड रबरी सँडल, घरातसुद्धा. बसायला लाकडी स्टूल. असा माणूस विजेच्या वस्तूला बोट लावून सांगणार की करंट नाही! त्याच्या बोटाला काही कळतच नव्हतं, एवढी साधी गोष्ट. पण आम्हाला ती त्याची सिद्धी वाटायची, आणि त्याला तर वाटायचीच.

दुसरी गोष्ट तिसऱ्या पिनची. प्लगला वर एक जाड पिन असते ना, अर्थिंगची, ती दादा करवतीने कापून टाकायचा. आमच्या इमारतीतली सॉकेटं जुनी, दोन भोकांची. लोक प्लग घेऊन यायचे, दादा पिन कापायचा, लोक खूश. मी एकदा विचारलं, "अरे, कंपनीने दिलीय ती काहीतरी विचार करूनच दिली असेल ना?" तर त्याने केस वाळवायचं एक यंत्र माझ्यासमोर धरलं. त्यावर चौकोनाच्या आत चौकोन अशी खूण होती. "हे बघ. याला कंपनीनेच दोन पिना दिल्यात. आत दुहेरी कवच आहे, अशी ही खूण. आहे का याला तिसरी? नाही. चालतंय ना? मग तिसरी शोभेची." दुहेरी कवच त्या एका यंत्राला होतं. दादाने त्यावरून सगळ्या गल्लीच्या पिना छाटल्या. बरं, मी काय बोलणार! सातवीत शाळा सुटलेली, त्याने दिलेल्या वरच्या खोलीत राहून लोकांचे कपडे शिवणारी बाई मी. मान डोलावली.

त्याच्या मुलाचं लग्न झालं आणि सून आली. बारीक अंगाची, कमी बोलणारी, कामाला वाघीण. माझा भाचा छापखान्यात मशीनवर होता. स्वभावाने गमत्या, दिवसभर कोणाची ना कोणाची खोडी काढल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही. वहिनीचं म्हणजे दादाच्या बायकोचं मत लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यातच पक्कं झालं होतं, की ही पोरगी नाजूक आहे. का, तर जिना चढताना तिने एकदा कठडा धरला होता.

त्याच सुमाराला दादाच्या दुकानात कपडे धुवायचं एक यंत्र पडून होतं. मालक घर सोडून गेला, परत फिरकला नाही. दादाने त्याच्या मोटरीची तार स्वतः नव्याने गुंडाळली, पत्र्याला रंग दिला आणि न्हाणीघराच्या दाराशी आणून ठेवलं. बोट लावलं. करंट नाही. वहिनीने शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना बोलावून ते दाखवलं. मी पण म्हटलं, सूनबाई नशिबाची आहे हो, आमच्या वेळी धुण्याने कंबरडं मोडायचं.

महिना झाला असेल. सून कपडे वाळत घालता घालता मला म्हणाली, "आत्या, ते यंत्र चावतं."

"चावतं म्हणजे?"

"झाकणाला हात लावला की मुंग्या येतात. कोपरापर्यंत. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, तुला भास होतो."

मी हसले. खरंच हसले, खोटं कशाला सांगू. म्हटलं, "अगं, गल्ली त्यांच्या बोटावर विश्वास ठेवते आणि तुला भास होतोय होय!"

तिने हट्ट सोडला नाही. आठवड्यातून एकदा तरी तो विषय निघायचा. मग एका रविवारी दुपारी वहिनीचं डोकं सटकलं. "होऊनच जाऊ दे एकदा सोक्षमोक्ष," म्हणाली, आणि खालच्या मजल्यावरची शिक्षिका, समोरची नर्स, मी, भाचा, सगळ्यांना न्हाणीघराशी उभं केलं. यंत्र चालू केलं. दादाने आपलं प्रसिद्ध बोट टेकवलं, सावकाश दहापर्यंत आकडे मोजले आणि म्हणाला, "पुढचा." वहिनीने हात लावला. शिक्षिकेने लावला. मी लावला. सगळ्यांच्या पायात चपला, सगळ्यांचे हात कोरडे, फरशी सकाळपासून वाळलेली. कोणाला काही झालं नाही. नर्स तेवढी म्हणाली, "ओल्या हाताने बघा ना." वहिनी म्हणाली, "ओल्या हाताने विजेला शिवायला आम्ही काय अडाणी आहोत?" नर्स मुलाला शाळेतून आणायचंय असं सांगून निघून गेली. रविवारी कसली शाळा!

मग सुनेची पाळी. ती म्हणाली, "मला नको." भाच्याने तिचं मनगट धरलं. ती नुकतीच भांडी घासून आली होती, अनवाणी, हातावरचं पाणीही पुसलं नव्हतं. त्याने तिचा पंजा झाकणावर दाबला. पोरगी किंचाळून मागे उडाली, भिंतीवर आपटली.

आणि आम्ही हसलो. सगळे. भाचा तर पोट धरून हसला. "काय नाटकी आहे! सिनेमात काढा हिला," तो म्हणाला. दादा हसला नाही. त्याला राग आला होता. आख्ख्या गल्लीसमोर त्याचं बोट खोटं पाडायचा प्रयत्न झाला होता, आणि तोही घरातून. "या घरात पुन्हा हा विषय काढायचा नाही," तो म्हणाला. त्या दिवसापासून तिचं नाव नाजूकबाई पडलं. नाजूकबाई, चहा टाका. नाजूकबाई, बघा हं, कप चावेल.

तिने बोलणं बंद केलं. पण मूर्ख नव्हती ती. लाटण्याएवढं एक कोरडं लाकूड कुठूनतरी आणलं आणि त्याने झाकण उघडायला लागली. बटणही त्याच लाकडाने दाबायची. कपडे काढायच्या आधी प्लग उपसून बाजूला ठेवायची. वहिनीने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी ते लाकूड खिडकीतून खाली फेकून दिलं. "आल्यागेल्यासमोर आमची शोभा करतेस?" सुनेने दुसरं आणलं. तेही गेलं. मग ती पायाखाली रबरी पायपुसणं घेऊन उभी राहायला लागली, तर वहिनीने ते दाराबाहेर नेऊन टाकलं. इतकी माणसं एका मुलीच्या मुंग्यांमागे हात धुवून लागलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. आणि मी वरच्या खोलीतून हे सगळं पाहत होते आणि तोंडात मूग गिळून बसले होते. वहिनीचा आवाज चढला की मला माझी खोली आठवायची.

असं दीड वर्ष चाललं. मग दादा दुकानाच्या पायरीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. दोन महिने प्लास्टर. दोन महिने तो खाटेवर. त्याची सगळी उस्तवार सुनेने केली. रोज कोमट पाण्यात त्याचे हात बुडवायची, खरवडायची, तेल चोळायची. कशासाठी? कातडीला भेगा पडून रक्त यायचं म्हणून. हळूहळू ती चाळीस वर्षांची साल निघाली. खपल्या पडाव्यात तशी पडली. खाली गुलाबी, मऊ कातडी आली. दादा स्वतःच्याच हातांकडे बघत बसायचा. एकदा चहाचा पेला धरला आणि "हाय हाय" करत खाली ठेवला. आम्हाला गंमत वाटली.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी खाली चहाला गेले होते. दादा कुबडीवर न्हाणीघरात जाऊन हात-तोंड धुवून आला. पाय सुजलेला, सँडल चढत नव्हती, म्हणून अनवाणी. फरशी ओली. यंत्र चालू होतं. सून बाजूला कपड्यांची बादली घेऊन उभी. दादाचा तोल गेला म्हणून त्याने आधाराला यंत्रावर हात टेकवला.

हात असा उडाला! कुबडी पडली. तोंडातून "आई गं" निघालं. डोळे मोठे झाले आणि तो आपल्या पंजाकडे बघत राहिला. मी दारात होते, तीन हातांवर. मी सगळं पाहिलं.

सुनेने बादली खाली ठेवली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. इतका आनंद, बाई! दीड वर्षांनी सुटका झाल्यासारखा. ती म्हणाली, "बाबा, लागलं ना? लागलं ना तुम्हाला?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"काय लागायचंय?" तो म्हणाला. "पाय मुरगळला. कुबडी उचल."

तिने कुबडी उचलून दिली.

पोरगी गच्चीवर गेली तसं दादाने मला खाटेजवळ बोलावलं. हळू आवाजात म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. रविवारी सगळी बाहेर गेली की मी ते उघडतो. आत काहीतरी सुटलं असेल. गुपचूप करून टाकतो."

"अरे, तोवर बंद तरी ठेवायला सांग."

"का म्हणून सांगू? काय कारण सांगू? चाळीस वर्षं लोक माझ्या शब्दावर वस्तू घरी नेतात. उद्या गल्लीभर होईल की टेस्टरला स्वतःच्या घरातला करंट कळला नाही, पोरीला कळला. तीन दिवसांचा प्रश्न आहे. ती सांभाळून वापरतेच."

ती सांभाळून वापरतेच! हे त्याने बिनदिक्कत म्हटलं. आणि मी मान डोलावली. माझी मान नेहमी डोलते.

शनिवारी भाचा कामावरून लवकर आला. घामाने डबडबलेला, अंघोळ करून न्हाणीघरातून बाहेर आला तो कमरेला पंचा, अंगावरून पाणी निथळतंय. यंत्र चालू होतं, आणि त्याला यंत्राच्या वर बांधलेल्या दोरीवरचा बनियन हवा होता. सून स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, ओल्या अंगाने तिथे जाऊ नका. मी देते." वहिनी भाजी निवडत तिथेच बसली होती, तिने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. तो हसला. म्हणाला, "नाजूकबाई, हे बघा, मला चावतं का ते." आणि दोन्ही पंजे झाकणावर चपकन ठेवले, तोंड वेडंवाकडं करत. तिला चिडवायला.

वहिनीला वाटलं, तो नाटकच करतोय. तो थरथरत होता आणि वहिनी म्हणत होती, "पुरे रे माकडा." सून मात्र धावली. तिने त्याला हात लावला नाही. हाताशी असलेल्या लाकडी पाटाने प्लगची वायर भिंतीतून उडवली. जे करायचं असतं तेच तिने केलं, घरात ते माहीत असलेली ती एकटीच होती. तो खाली पडला. मी आवाज ऐकून आले तेव्हा ती त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत होती आणि वहिनी तिच्या पाठीत गुद्दे घालत ओरडत होती, "मारू नकोस गं माझ्या पोराला!" समोरची नर्स आली. तिने गळ्याजवळ बोटं धरली आणि बराच वेळ काढली नाहीत.

चौथ्या दिवशी वीज खात्याच्या निरीक्षक बाई आल्या. ठेंगण्याशा, चष्मेवाल्या, आवाज न चढवणाऱ्या. हातात रबरी मोजे घातले, यंत्र उलटं केलं, मोटर बाहेर काढली. मोटरीच्या तारा आणि लोखंड यांच्यामध्ये जिथे इन्सुलेशनचा खास कागद असायला हवा, तिथे साधा पुठ्ठा होता. बाईंनी तो चिमट्याने ओढला तर ओल्या पावासारखा लिबलिबीत बाहेर आला.

"हा कोणी घातला?"

दादा म्हणाला, "कागद मिळत नव्हता."

बाईंनी मेगर नावाचं यंत्र काढलं. त्याने म्हणे तारेवरचं कवच शाबूत आहे की सडलंय ते कळतं. काटा शून्यावरून हललाच नाही. "काहीच उरलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पुठ्ठा पाणी पीत गेला तसतशी वीज पत्र्यावर यायला लागली. आधी थोडी, मग जास्त. तिसरी पिन असती, घराला अर्थिंग असतं, तर पहिल्या दिवसापासून ती जमिनीत गेली असती, आणि वाढली की फ्यूज उडाला असता. कोरड्या जाड हाताला, रबरी तळव्याला हे जाणवत नाही. ओला हात, अनवाणी पाय, त्याला लगेच जाणवतं." मग त्यांनी कागद मांडीवर घेतला. "मला एकच सांगा. याआधी घरात कोणाला करंट जाणवला होता?"

भिंतीला टेकून आम्ही सगळे बसलो होतो. सून दाराजवळ, एकटी.

दादा म्हणाला, "नाही. जाणवला असता तर मी चालू ठेवलं असतं का? माझा मुलगा होता तो."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते खरं होतं. खोटं बोलतानाचं रडणंही इतकं खरं असू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

वहिनी म्हणाली, "रोज हीच वापरायची ते. हिलाच माहीत असणार. एका शब्दाने बोलली असती तर माझं लेकरू आज असतं."

सुनेने मान वर केली. "मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "दीड वर्ष सांगत होते. बाबांना, आईंना, यांना. बाबांना स्वतःला गुरुवारी लागला." मग ती माझ्याकडे वळली. "आत्या होत्या तिथे. आत्यांना विचारा."

निरीक्षक बाईंनी पेन माझ्याकडे वळवलं. "बाई, तुमच्यासमोर ही काही बोलली होती?"

दादा माझ्याकडे बघत नव्हता. तो जमिनीकडे बघत होता. बघितलं असतं तर कदाचित मला बळ आलं असतं, त्याचा राग तरी आला असता. मला दिसत होते फक्त त्याचे हात, मऊ, गुलाबी, मांडीवर उघडे पडलेले. आणि मला वरची खोली दिसत होती, माझं शिलाईचं मशीन, खिडकीतलं ऊन, माझं वय. तेवढ्यात मी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, जीभ आपोआप वळली.

"मला तरी काही आठवत नाही," मी म्हटलं. "घरात हसतखेळत असायची."

सून माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखादा हिशेब करून बघावा आणि उत्तर तेच यावं, तसं.

निरीक्षक बाईंनी चष्मा वर सरकवला. वाईट नव्हत्या त्या. थकल्या होत्या, आणि घरातली तीन वडील माणसं एक सांगत होती. त्या तिला म्हणाल्या, "समजा, तुम्ही म्हणता तसंच धरू. दीड वर्ष तुम्हाला करंट लागत होता. माहीत होतं की यात धोका आहे. मग तुम्ही ते वापरत का राहिलात? बंद का नाही केलंत?"

पोरीने तोंड उघडलं. तिने दादाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, सगळ्यात शेवटी माझ्याकडे. कितीतरी वेळ ती उत्तर शोधत होती, जे या बाईंना कळेल असं. मग तिने पदराने हात पुसले, कोरडेच होते ते, आणि म्हणाली,

"चुकलं माझं."

बाईंनी ते तिच्या नावापुढे तसंच लिहून घेतलं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.